काळ्याने खेळावे आणि जगावे

गो या खेळाचा पट मी लातूरच्या गंजगोलाईत शोधला, नांदेडच्या वजिराबादेत शोधला. बुद्धिबळ, कॅरम, ल्युडो, व्यापार, सगळं मिळालं. गो म्हटलं की दुकानदार परत विचारायचा, "काय म्हनलाव?" शेवटी नांदेडला एका सुताराकडून प्लायचा चौकोन कापून घेतला आणि त्यावर पट्टी धरून रेघा आखल्या. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या. त्यांचे ३६१ छेद होतात, आणि सोंगट्या घरांत नाही तर या छेदांवर ठेवायच्या असतात. सोंगट्यांसाठी शिवणकामाचं सामान विकणाऱ्या दुकानातून कोटाची काळी बटणं आणि त्याच मापाची पांढरी बटणं घेतली. पूर्ण संचाला काळ्या १८१ आणि पांढऱ्या १८० लागतात. मी लातूरला नीटच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. १८० हा आकडा आमच्या डोक्यात कायमचा बसलेला असतो, कारण त्या पेपरात प्रश्नही तितकेच असतात.

खेळ घरात आणला भाच्यानं. आमचं घर नांदेडला, नोकरी लातूरला, त्यामुळं आठवडा खोलीवर आणि सुट्टी घरी असा माझा क्रम. ताईचा मुलगा तेव्हा विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेत कॉम्प्युटर शिकत होता. एआयबद्दल वाचताना त्याला अल्फागो हा गो खेळणारा प्रोग्रॅम सापडला, अल्फागोमुळं गो सापडला, आणि खेळायला समोर माणूस हवा म्हणून त्यानं मामाला धरलं. अल्फागोनं कोरियाच्या ली सेदोलला ४-१ असं हरवलं ते मार्च २०१६ मध्ये, सोलला. तो महिना मला चांगला आठवतो, पण वेगळ्या कारणानं. लातूरला तेव्हा पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावली होती आणि पुढच्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. आमच्यापैकी कोणाच्या कानावर सोलची बातमी आली असेल असं वाटत नाही. ती माझ्यापर्यंत पोचायला मध्ये काही वर्षं गेली.

नियम थोडे आहेत. आधी काळा, मग पांढरा, आळीपाळीनं एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही. तिला रेघेवर लागून असलेले मोकळे छेद म्हणजे तिचे श्वास. सगळे श्वास प्रतिस्पर्ध्यानं बंद केले की ती उचलली जाते. एकमेकींना लागून असलेल्या एकाच रंगाच्या सोंगट्यांचा गट होतो आणि त्यांचे श्वास सामाईक असतात. एकच श्वास उरला तर ती आतारी. तीच ती सोंगटी दोघांनी उचलत बसू नये म्हणून को नावाचा नियम आहे: अशी जागा लगेच परत मारता येत नाही, मध्ये दुसरीकडे एक चाल करावी लागते. शेवटी ज्यानं जास्त जागा वेढली तो जिंकला. काळा पहिली चाल करतो म्हणून जपानी पद्धतीत पांढऱ्याला साडेसहा गुण आधीच मिळतात. त्या अर्ध्या गुणामुळं डाव बरोबरीत सुटत नाही. हे सगळं भाच्यानं चहा संपायच्या आत सांगितलं होतं. पण नियम कळले तरी पटाकडे बघून काय करायचं ते कळत नाही, आणि गोच्या अभ्यासाला तिथूनच सुरुवात होते.

नवशिक्यानं आधी लहान पटावर खेळावं असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. नऊ बाय नऊच्या पटावर ८१ छेद असतात, डाव दहा-पंधरा मिनिटांत आटपतो, आणि जगणं-मरणं लगेच समोर येतं. सुरुवातीचे डाव भराभर हरून मोकळं व्हावं, असं गो खेळणाऱ्यांत नव्या माणसाला सांगायची रीतच आहे. त्या काळात हात सारखा मारण्याकडे जातो. समोरची सोंगटी आतारीत आली की बाकीचा पट दिसेनासा होतो. भाचा म्हणायचा, "मामा, मारायच्या नादात जागा सोडायलाव तुम्ही." जागेचा हिशेब मला आकड्यांनी पटला. नऊ छेदांचं घर कोपऱ्यात बांधायचं तर सहा सोंगट्या पुरतात, कडेला नऊ लागतात, पटाच्या मध्यात बारा. म्हणून आधी कोपरे, मग कडा, मग मध्य. एवढं समजल्यावर मोठ्या पटावर पहिल्या दहा-बारा चाली तरी मी डोळसपणे करायला लागलो.

मग शिचो आला. पळणाऱ्या सोंगटीला दर चालीला आतारी द्यायची. ती एक छेद पुढं सरकते, तिचे दोन श्वास होतात, आपण एक बंद करतो, पुन्हा आतारी. असं तिरकं जात जात गट पटाच्या कडेला पोचतो आणि तिथं सगळाच्या सगळा मरतो. मात्र वाटेत पळणाऱ्याची एखादी सोंगटी आधीच बसलेली असेल तर तो तिला जाऊन मिळतो, शिचो फुटतो, आणि पाठलाग करणाऱ्याच्या सोंगट्यांमध्ये ठिकठिकाणी दुहेरी आतारीच्या जागा उघड्या पडतात. म्हणजे एका कोपऱ्यात पहिली आतारी देण्याआधी समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या सगळ्या चाली मनात पाहाव्या लागतात. कागेयामा तोशिरो या जपानी व्यावसायिकानं हौशी खेळाडूंसाठी गोच्या मूलभूत गोष्टींवर एक पुस्तक लिहिलंय. त्याचं पहिलंच प्रकरण शिचो आणि गेता यांचं आहे. शिचो म्हणजे हा पाठलाग, आणि गेता म्हणजे पाठलाग न करता लांबून टाकलेलं जाळं. इतक्या साध्या गोष्टीला पहिलं प्रकरण का दिलं असेल, हे मला एसटीत कळलं.

नांदेडहून लातूरला येताना लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावं लागतात. मध्ये मध्ये मोबाईलची रेंज जाते. त्या पट्ट्यात मी डोळे मिटून रिकामा पट समोर आणायचो आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातून शिचो चालवायचो. काळा, पांढरा, काळा, पांढरा. सुरुवातीला सातव्या-आठव्या सोंगटीशी चित्र विस्कटायचं. कुठली सोंगटी कुठं ठेवली तेच आठवायचं नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू चित्र टिकायला लागलं. पटाच्या मध्यापर्यंत, मग त्याच्याही पुढं. वर्गात मी बेंझिनच्या वलयाला दुसरा गट जोडताना मुलांना सांगतो की आधी मनात फिरवून बघा, मग कागदावर काढा. ते सांगणं सोपं असतं. मन किती लवकर थकतं हे मला शिचोनं दाखवलं, आणि सवयीनं किती लांब जातं हेही दाखवलं.

जगण्या-मरण्याचा अभ्यास हा गोचा गाभा आहे. गट कायमचा जिवंत राहायला त्याच्या आत दोन वेगळे डोळे लागतात, म्हणजे दोन सुट्या मोकळ्या जागा. प्रतिस्पर्ध्याला एका वेळी एकच चाल करता येते, त्यामुळं दोन्ही श्वास एकदम बंद करता येत नाहीत. एवढ्याशा नियमातून आकारांचं एक मोठं शास्त्र निघतं. आत ओळीनं तीन मोकळे छेद असतील तर मधला छेद ज्याला मिळेल त्याच्यावर सगळं अवलंबून असतं. ओळीनं चार असतील तर गट जिवंतच आहे, कारण मधल्या दोघांपैकी एक तुम्ही घेतला तर मी दुसरा घेतो. चार छेद चौकोनात असतील तर मात्र तो मेलेला आहे; पहिली चाल माझी असली तरी वाचत नाही. दुसऱ्या रेघेवर सरपटत गेलेल्या सहा सोंगट्या मरतात, आठ जगतात, आणि सातांचं पाळी कोणाची त्यावर ठरतं. कोपऱ्यात हेच गणित चारला मरण आणि सहाला जीवदान असं येतं. हे सगळं पाठ करता येतं, आणि करावं. पाठांतराला नावं ठेवण्याची फॅशन आहे, पण चौकोनी चार मेलेले असतात हे ज्याला दर वेळी नव्यानं मोजावं लागतं, त्याची ताकद तिथंच संपते आणि पुढचा अवघड भाग वाचायला काही उरत नाही.

इथं लातूरचा माणूस आपल्या घरी आल्यासारखा होतो. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात अभ्यासाची जी पद्धत उभी राहिली तिला पुढं महाराष्ट्रानं लातूर पॅटर्न म्हटलं. तेच वाघमारे सर पुढं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पद्धतीचा कणा म्हणजे सराव: तोच धडा, त्याच धड्यावर चाचणी, चाचणीनंतर चर्चा, मग पुन्हा चाचणी. गोमध्ये या सरावाला त्सुमेगो म्हणतात. कानो योशिनोरी यांची नवशिक्यांसाठी चार भागांची प्रश्नमाला आहे, पायरीपायरीनं चढत जाणारी. पुस्तकात एका पानावर कोपऱ्याचं चित्र असतं, खाली एक सूचना: काळ्याने खेळावे आणि जगावे. किंवा, काळ्याने खेळावे आणि पांढऱ्याला मारावे. मान पाठ एक करणारी मुलं मी रोज बघतो. मी त्यांच्यासारखाच वहीत तारखा टाकून बसलो. सोपे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवले. पहिल्या भागातले प्रश्न बघताक्षणी उत्तर दिसेपर्यंत दुसऱ्या भागाला हात लावला नाही. शिकवणीच्या चाळीस-पन्नास मिनिटांच्या दोन तासांमधल्या सुट्टीत चार प्रश्न होतात, आणि खडू खाली ठेवल्यावर दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला डोक्यालाही बरं वाटतं.

कितानी मिनोरू यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या अंबाजोगाई रोडच्या खोल्या आठवल्या. कितानी हे विसाव्या शतकातले मोठे जपानी खेळाडू. १९३८ मध्ये वृद्ध होनिंबो शुसाई यांचा निवृत्तीचा डाव त्यांच्याशीच झाला आणि तो कितानींनी जिंकला. त्या डावाची वर्तमानपत्रात बातमी देणाऱ्या कावाबाता यासुनारी यांनी पुढं त्यावरच कादंबरी लिहिली. पण कितानींचं त्याहून मोठं काम म्हणजे त्यांचं घर. हिरात्सुका या गावी त्यांनी लांबलांबची मुलं घरी ठेवून घेतली. त्यांच्या पत्नी मिहारू यांनी त्या सगळ्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघितलं. चो चिकुन सोलहून १९६२ मध्ये आला तेव्हा सहा वर्षांचा होता. अकराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. ओताके, इशिदा, काटो, ताकेमिया, कोबायाशी, म्हणजे पुढची कित्येक वर्षं जपानचे मोठे किताब ज्यांनी आपापसांत वाटून घेतले ते सगळे एका घरात जेवत होते आणि एकमेकांशी खेळत होते. लातूरलाही परभणी, हिंगोली, बीडहून आलेली सतरा वर्षांची मुलं एका खोलीत तिघं-तिघं राहतात, मेसचा डबा खातात, अभ्यासिकेत रात्री बसतात. फरक मला एका बाबतीत मोठा वाटतो. कितानींच्या घरातल्या मुलांना रोज एकमेकांसमोर बसावं लागे, आणि डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला दोघं मिळून तो पुन्हा मांडत. कुठं वळलं, दुसरं काय करता आलं असतं, हे जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला दाखवायचं. आमच्याकडे शेजारच्या खाटेवरचा मुलगा स्पर्धक असतो, त्याला आपली वही दाखवायची की नाही हा प्रश्न असतो. डाव परत मांडण्याची ही चाल आमच्या अभ्यासिकांत यावी असं मला मनापासून वाटतं, गो येवो न येवो.

तर, त्सुमेगो होत होते. वही भरत होती. आणि भाच्याबरोबरच्या डावात तेच आकार समोर आले की ते दिसत नव्हते. पुस्तकात पाहताक्षणी सुटणारा कोपरा डावात माझ्या डोळ्यांदेखत मरायचा. भाचा डाव परत मांडून त्या कोपऱ्यावर बोट ठेवायचा आणि विचारायचा, "हे येतंय न्हवं तुम्हाला?" येत होतं. विचारल्यावर लगेच सांगता येत होतं. न विचारता दिसत नव्हतं.

त्याचं कारण मला वर्गात सापडलं. रासायनिक समतोलाच्या धड्याखालचे प्रश्न मुलं झरझर सोडवतात. तोच प्रश्न सगळ्या धड्यांच्या मिश्र पेपरात घातला की चांगल्या चांगल्या मुली-मुलांचे हात थांबतात आणि एखादी येऊन विचारते, "सर, हा कोणत्या धड्यावरचा आहे?" धडा सांगितला की पुढचं तिला येतं. अर्धा प्रश्न धड्याच्या नावानंच सोडवून दिलेला असतो. त्सुमेगोच्या पुस्तकातही तसंच आहे. काळ्याने खेळावे आणि जगावे, ही ओळ तीन गोष्टी सांगून टाकते: इथं काहीतरी आहे, ते काळ्याला करता येतं, आणि ते आत्ता करायचं आहे. डावात यातलं काहीच कोणी सांगत नाही. पट ३६१ छेदांचा, त्यात पाच-सहा ठिकाणी अर्धवट राहिलेले गट, आणि त्यांपैकी कुठं प्रश्न आहे हे शोधणं हाच मुख्य प्रश्न. गोमध्ये पुढं जाणं म्हणजे उत्तरं जास्त येणं, असं मी सुरुवातीला वहीच्या पानांवरून धरून चाललो होतो. आता मला वाटतं की ते मुळात प्रश्न आपणहून दिसायला लागण्याचं काम आहे.

मग भाच्यानं आणि मी मिळून एक पद्धत बसवली. आमच्याच जुन्या डावांमधली चित्रं त्यानं काढून ठेवायची, अर्धा पट किंवा पूर्ण पट, आणि खाली काहीही लिहायचं नाही. पाळी कोणाची एवढंच. त्यांतल्या काही चित्रांत गट धोक्यात असायचा. काहींत समोरच्याचा गट मारता यायचा. आणि बऱ्याच चित्रांत करण्यासारखं काहीच नसायचं: माझा गट आधीच जिवंत, त्याचाही जिवंत, आणि बरोबर उत्तर म्हणजे तो कोपरा सोडून दुसरीकडे खेळणं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड. पुस्तकाची सवय झालेलं मन प्रत्येक चित्रात युक्ती शोधतं. जिथं काही नाही तिथं काही नाही असं म्हणायला खात्रीनं वाचलेलं असावं लागतं. जिवंत गटाला आणखी एक सोंगटी घालून राखणं म्हणजे पूर्ण एक पाळी वाया घालवणं, आणि गोमध्ये एका पाळीची किंमत सुरुवातीच्या टप्प्यात फार मोठी असते. अशी चित्रं करायला लागल्यापासून माझा खेळ खरोखर हलला. पुस्तकातल्या प्रश्नांनी हात तयार केला होता, पण त्याचा उपयोग व्हायला ही दुसरी सवय लागली.

एक नियम आम्ही पाळतो: उत्तर बघायचं नाही. उत्तर सुचलं तरी समोरचा प्रत्येक प्रतिकार स्वतः मोडून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. सुटलं नाही तर खूण करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. लातूरच्या सवयीला हे जड जातं, कारण आमच्याकडे सकाळी पेपर आणि संध्याकाळी उत्तरपत्रिका. नीटला वेळ आहे तीन तास, चुकलं तर एक गुण वजा. तिथं चटकन ओळखणं आणि सोडून देणं हेच शहाणपण. मी ते शिकवतो आणि ते शिकवणं मला मान्यही आहे. पण न सुटलेला प्रश्न रात्रभर तसाच ठेवून झोपण्याची मुभा त्या मुलांना दोन वर्षांत एकदाही मिळत नाही. तसं झोपल्यावर सकाळी दात घासताना कोपरा आपोआप उघडतो. ते ज्याला माहीत नाही त्याचं काहीतरी राहून जातं असं मी म्हणेन.

एआयबद्दलही सांगायला हवं, कारण आता हरेक नवशिक्या तिथूनच सुरू करतो. काटागो नावाचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि तो कोणत्याही माणसापेक्षा चांगला खेळतो. डाव त्याला दिला की दर चालीला एक निळा ठिपका दिसतो, सर्वांत चांगली चाल, आणि मी केलेल्या चालीनं किती गुण गेले तो आकडा. भाचा त्याच्यावर जाम खूश होता. त्याचा तो विषयच आहे. मला त्याचा उपयोग एका मर्यादेत झाला. दीड गुणाचा फरक माझ्या पातळीवर कशानंच समजत नाही. ती चाल का चांगली हे कळायला पुढच्या तीस चाली वाचता याव्या लागतात. म्हणून मी फक्त दहा गुणांहून जास्त घसरण झालेल्या जागा बघतो. तिथं कारण जवळपास नेहमी एकच असतं: कोणाचा तरी गट मरणार होता आणि ते दोघांनाही दिसलं नव्हतं. ती जागा मी आधी स्वतः सोडवतो, मग ठिपका उघडतो. ली सेदोलनं चौथ्या डावात ७८ वी चाल टाकून अल्फागोला हरवलं, ती चाल बघायला मी अजूनही तो डाव लावतो. समजते असं नाही. पण माणूस एवढ्या दडपणाखाली पटावर काय शोधू शकतो ते तिथं आहे.

गोची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे हॅन्डिकॅप. श्रेणी तीस क्यूपासून खाली येत एक क्यूपर्यंत आणि मग दान; दोघांमध्ये जितक्या श्रेणींचं अंतर, तितक्या काळ्या सोंगट्या कच्च्या खेळाडूला आधीच ठळक ठिपक्यांवर मांडून मिळतात, नऊपर्यंत. मग दोघंही जीव लावून खेळतात आणि डाव खरा होतो. बुद्धिबळात कच्च्याशी खेळताना पक्क्याला कंटाळा येतो. इथं पांढऱ्याला नऊ काळ्या सोंगट्यांच्या पटावर जागा निर्माण करायला फार घाम गाळावा लागतो. आणि काळ्याला आपली प्रगती परीक्षेच्या टक्क्यात नाही, पटावरच्या सोंगट्यांत दिसते. नववरून आठवर आलो तेव्हा मधल्या ठिपक्यावरची सोंगटी गेली आणि पटाचा मध्य एकदम उघडा पडला. तोवर तिचं महत्त्व मला कळलं नव्हतं. गटाला पळून जायला तिचाच आधार होता. दर वेळी एक सोंगटी कमी झाली की असा एक नवा धडा निघतो.

इथं खेळाडू नाहीत, हा प्रश्न खरा आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलींनी आपणहून बुद्धिबळाचा विषय काढला. बुद्धिबळाला आपल्याकडे माणसं आहेत, क्लास आहेत, स्पर्धा आहेत. गोसाठी आम्ही दोघं आणि इंटरनेट. अशा वेळी मला जपानी खेळाडू इवामोतो आठवतात. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाजवळ होनिंबो किताबाचा डाव चालू असताना अणुबॉम्ब पडला. हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू यांनी विस्कटलेल्या खोलीत पट पुन्हा लावून तो डाव त्याच दिवशी संपवला. त्यातले इवामोतो पुढची कित्येक वर्षं जिथं गो नाही तिथं गो नेण्यासाठी फिरले. साओ पावलो, न्यूयॉर्क, सिएटल, ॲम्स्टरडॅमला त्यांच्या पैशातून केंद्रं उभी राहिली. नांदेडला केंद्र नको. एक चांगला पट, खऱ्या सोंगट्या आणि शनिवारी संध्याकाळी येऊन बसतील अशी चार माणसं एवढं पुरे. वर्गातल्या दोन मुलांना परीक्षा झाल्यावर मी नऊ बाय नऊचा पट कागदावर काढून दिला होता. त्यांतला एक आता परभणीहून अधूनमधून ऑनलाइन डाव मागतो. त्याला मी श्वास मोजायला लावतो. दोन गट एकमेकांना वेढून बसले की कोणाचे श्वास किती हे मोजल्याशिवाय हात पुढं करायचा नाही, एवढा एकच धडा त्याला दिलाय.

भाचा पुण्याला नोकरीला लागला. आमचा डाव आता रविवारी रात्री मोबाईलवर होतो, आणि संपल्यावर फोनवर बोलत आम्ही तो परत मांडतो. तो तिकडे स्क्रीनवर, मी इकडे बटणं घेऊन प्लायवर. सध्या सहा सोंगट्यांवर खेळतोय आणि डावाच्या शेवटच्या टप्प्यात, योसेत, मागं पडतोय. सीमा बंद करताना कोणती चाल केली की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं आणि कोणत्या चालीनंतर पाळी त्याच्याकडे जाते, याचा हिशेब आधी लावायचा असतो: पहिली सेंते, दुसरी गोते. दोन गुणांची सेंते चार गुणांच्या गोतेच्या आधी का घ्यायची, हे कागदावर समजलंय. पटावर अशा दहा जागा एकदम उघड्या असतात आणि घड्याळ चालू असतं. म्हणून नव्या वहीत मी फक्त शेवटच्या पन्नास चालींची चित्रं चिकटवायला सुरुवात केली आहे, खाली काही न लिहिता.